'कव्हर' आणि 'बॅलड'ला मराठीत काय म्हणायचं?

एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका वाक्यावर दोन दिवस अडकलेय. व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे डॉली पार्टनच्या गाण्याचं कव्हर आहे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलेलं, आणि ती गाजलेली पॉप बॅलड आहे, बस एवढंच. शब्दकोशात बॅलडला 'पोवाडा' दिलंय. पण पोवाडा म्हटलं की डफ, तुणतुणं, शाहीर डोळ्यासमोर येतो हो, इथे कसा लावू?

– – –

पोवाडा चूक नाही, जुन्या बॅलडमध्ये गोष्ट सांगितलेली असायची म्हणून तो अर्थ आलाय. पॉपवाल्यांची बॅलड म्हणजे संथ लयीचं, आळवून म्हटलेलं गाणं, बहुतेक वेळा प्रेमाचं. 'भावगीत' मोह पाडतं पण नको, त्याला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे. आणि या गाण्याला सरसकट 'प्रेमगीत'ही लिहू नका, डॉलीने तिचा सहगायक पोर्टर वॅगनर याचा टीव्ही शो सोडताना त्याच्यासाठी लिहिलं होतं, निरोपाचं गाणं आहे ते.

– – –

कव्हरला 'नक्कल' तर अजिबात नको. १९७४ च्या मूळ रेकॉर्डमध्ये डॉली शेवटचं कडवं गातच नाही, ती ते बोलते, शेजारी बसून सांगावं तसं. १९९२ मध्ये व्हिटनीने सुरुवातच वाद्यांशिवाय केली, नुसता गळा, आणि तेच बोललेलं कडवं तिने गायलं, मग क्षणभर थांबून ड्रमचा एक ठोका पडतो आणि पट्टी वर चढते. मी कितीही वेळा ऐकलं तरी तिथे अंगावर काटा येतो. अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या नंबरवर होतं! शब्द तेच, चाल तीच, मांडणी पूर्ण वेगळी, एकच बंदिश दोन गवय्यांकडून ऐकल्यासारखं.

– – –

मग 'पुनर्गायन' चालेल का?

– – –

त्यातून तीच गायिका पुन्हा गायली असं वाटतं. मी तरी 'कव्हर'च ठेवेन, पुस्तकाच्या कव्हरसारखं नपुंसकलिंगी, 'ते कव्हर', आणि 'कव्हर केलं' पेक्षा 'कव्हर गायलं' कानाला बरं वाटतं. पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच फोड करा: 'डॉली पार्टनचं निरोपाचं गाणं व्हिटनीने आपल्या ढंगात गायलं, आणि हे कव्हर मूळ गाण्यापेक्षाही गाजलं.'

– – –

'आपल्या ढंगात गायलं'! हेच हवं होतं, घेतलं.