डव्हकॉटचे कोअर डंप: मर्यादा शून्य की मोकळी?

रात्रपाळी
डव्हकॉट म्हणजे लोकांना त्यांचं मेल दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम. कोअर डंप म्हणजे प्रोग्रॅम कोसळताना फायलीत उतरलेली त्याच्या मेमरीची प्रत, आणि लिमिटकोअर म्हणजे तिच्या आकाराची मर्यादा: शून्य केली तर डंप नाही, इन्फिनिटी केली तर हवा तेवढा मोठा. काल इथे एकांनी ठोकून दिलं, "मेल सर्व्हरवर लिमिटकोअर इन्फिनिटी करा आणि विसरून जा." वाचून डोकं फिरलं. विसरून काय जा? इमॅप (मेल वाचायला देणारा भाग) कोसळतं तेव्हा त्याच्या मेमरीत लोकांची पत्रं असतात, ऑथमध्ये (लॉगिन तपासणाऱ्या भागात) तर पासवर्ड. सगळा ऐवज जसाच्या तसा फायलीत उतरतो.
आमच्याकडे एका खात्याची इंडेक्स फाइल बिघडली होती. त्याच्या फोननं मेल तपासलं की इमॅप कोसळायचं, नवा डंप. फोन परत हजर, परत डंप. डिस्कवरचं व्हार पार्टिशन भरलं आणि पोस्टफिक्स (बाहेरून येणारं मेल स्वीकारणारा प्रोग्रॅम) येणाऱ्या प्रत्येकाला '४५२ ४.३.१ इनसफिशियंट सिस्टीम स्टोरेज', म्हणजे जागा अपुरी, असं सांगून परत पाठवायला लागलं. एका फोनपायी अख्ख्या ऑफिसचं मेल बंद! मर्यादा शून्यच हवी.

बॅकट्रेस
साफ असहमत. डंप नसेल तर लॉगात 'किल्ड विथ सिग्नल ११' (मेमरीच्या चुकीनं कोसळलं) एवढंच उरतं. त्यावर डेव्हलपर काय करणार? जीडीबी या डीबगरमधलं 'बीटी फुल', म्हणजे कोसळताना कोणती फंक्शन्स चालू होती त्याची पूर्ण यादी, द्यावंच लागतं. आणि नुसती मर्यादा उठवून भागत नाही. प्रोसेसनं रूटचे (मुख्य अ‍ॅडमिन खात्याचे) अधिकार सोडलेले असतात, म्हणून सुइड_डंपेबल हे कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) सेटिंग २ करावं लागतं. मग ती फाइल रूटशिवाय कुणाला वाचता येत नाही. दुसरं, कोअर_पॅटर्न (डंप कुठे जावा हे ठरवणारं सेटिंग) पाइपचा असेल, म्हणजे डंप थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असेल, तर कर्नल ती मर्यादा पाळतच नाही, पलीकडचा प्रोग्रॅम ठरवतो. शून्य लिहून निर्धास्त राहणाऱ्यांनी आधी ते तपासा.

जुना_अ‍ॅडमिन
लोक अजून लिमिट्स.कॉन्फमध्ये (लॉगिन करणाऱ्यांच्या मर्यादांच्या फायलीत) ओळी घालतात, त्या सिस्टमडीनं (सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमनं) चालवलेल्या सर्व्हिसला लागतच नाहीत. किती वेळा सांगायचं?

क्यू_साफ
रूटशिवाय कुणी वाचत नाही? स्टॉर्म-०५५८ या हॅकर टोळीचं प्रकरण आठवा. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतः लिहिलं: एप्रिल २०२१ मध्ये लॉगिनच्या टोकनवर सही करणारी साइनिंग सिस्टीम कोसळली, क्रॅश डंपात सहीची किल्ली राहिली, डंप डीबगिंगच्या नेटवर्कवर गेला. तिच्या जोरावर सुमारे २५ संस्थांच्या मेलमध्ये शिरकाव झाला.

बॅकट्रेस
अर्धीच गोष्ट सांगू नका. मार्च २०२४ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली: किल्ली असलेला डंप सापडलेला नाही.

क्यू_साफ
बरं, सिद्ध नाही, मान्य. पण किल्ली गेली कशी हे एवढ्या मोठ्या कंपनीला सांगता येत नाही, आणि तुम्ही म्हणता डंप ठेवा?

जुना_अ‍ॅडमिन
म्हणून तर मोठ्या कंपनीच्या क्लाउडऐवजी मेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा म्हणतोय!

क्यू_साफ
आणि रात्री दोनला कोण उठणार? तुम्ही? दोन माणसांच्या आयटीला हे झेपत नाही. माझी बदली झाल्यावर आमचा सर्व्हर महिनोन्महिने पॅचशिवाय पडून होता.

जुना_अ‍ॅडमिन
तो तुमच्या व्यवस्थापनाचा दोष. सर्व्हरवर ढकलू नका.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावर या. बिघाड शोधायचा तेवढ्यापुरती मर्यादा उठवायला माझी हरकत नाही, एवढं बॅकट्रेस यांचं मानतो. डंप वेगळ्या पार्टिशनवर, काम झालं की लगेच डिलीट. ऑथला मात्र कायम शून्य.

बॅकट्रेस
लिमिटकोअर अख्ख्या युनिटला (डव्हकॉटच्या पूर्ण सर्व्हिसला) लागतं. ऑथ त्यातच आलं.

रात्रपाळी
मग तर 'विसरून जा' लिहिणाऱ्यानं ते वाक्य आजच मागे घ्यावं.