कलम २१ एका ओळीचं, मग त्यात एवढं सगळं कोर्टाला दिसतं कुठून?

नाशिकरोड_९७
नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतोय, पॉलिटी तिसऱ्यांदा वाचायला घेतलंय आणि तिसऱ्यांदा त्याच पानावर गाडी अडकलीये. कलम २१ म्हणजे उणीपुरी एक ओळ. कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही, एवढंच. आणि नोट्समध्ये त्याच्याखाली उपजीविका, शिक्षण, प्रायव्हसी, स्वच्छ पर्यावरण, लवकर खटला चालणं असं दीड पान भरलंय, म्हणजे हे सगळं आलं कुठून हो?

काल जेवताना पप्पांना सहज बोललो तर तेच भडकले. पप्पा नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, म्हणजे प्रेसमधून, रिटायर झालेत, पस्तीस वर्षं तिथेच. म्हणे "आमच्याकडं एक बारीक रेघ सरकली तरी अख्खं शीट रद्द व्हायचं, आणि ह्यांना शब्दाचा अर्थ दर वीस वर्षांनी बदलायला मोकळीक? मग लिहिलं कशाला?" मला काही उत्तर देता आलं नाही. वरून त्यांनी मराठा आरक्षणाचा निकाल काढला, की तिथे तर केंद्र सरकार स्वतः सांगत होतं आमचा तसा हेतू नव्हता तरी कोर्टाने शब्दच धरला. म्हणजे एकीकडे शब्द सोडून भावना आणि दुसरीकडे भावना सोडून शब्द, असं कसं?

परीक्षेपुरतं उत्तर नकोय, ते क्लासच्या नोट्समध्ये आहे. खरंच समजून घ्यायचंय. कोर्ट नक्की वाचतं कसं?

सातपूरचा_सुन्या
भाऊ अर्थ लावायचं राहू दे, जिथं अर्थ लावायची गरजच नाही तिथली गोष्ट ऐक. कलम २४३-यू, महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, इतकं स्वच्छ लिहिलंय. २००६ ला सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या केसमध्ये सांगितलं सुद्धा की हे बंधनकारकच आहे. आणि आपल्या नाशिकची मुदत मार्च २०२२ ला संपली, पुढं कित्येक वर्षं प्रशासक. पप्पांना सांग रेघ जागेवरच होती, मशीनच बंद पडलं होतं 😄

जुना_सीबीएस_वकील
सुन्याभाऊ ते वेगळं दुखणं आहे, ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टातल्या तारखा, त्यावर वेगळा धागा काढा.

नाशिकरोडकर, तुमच्या पप्पांचा मुद्दा अजिबात येडपट नाहीये, १९५० ला सुप्रीम कोर्टाने जवळजवळ तेच म्हटलं होतं. ए. के. गोपालन, कम्युनिस्ट नेते, प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याखाली (खटला न चालवता आधीच डांबायचा कायदा) मद्रासच्या जेलमध्ये. त्यांचं म्हणणं असं की मला नुसतं डांबून ठेवलंय, ही कसली पद्धत. बहुमताने सांगितलं की कायदा सक्षम विधिमंडळाने केलाय ना, त्यात पद्धत लिहिलीये ना, तीच पाळलीये ना, झालं तर मग, ती चांगली आहे की वाईट हे आम्ही बघणार नाही. कलम १९ वेगळं, २१ वेगळं, २२ वेगळं, वाड्यातल्या खोल्यांसारखं, ह्या खोलीतून त्या खोलीत डोकवायचं नाही. फझल अलींनी तेव्हाच वेगळं मत दिलं होतं पण ते एकटे पडले.

आता पुढचं पप्पांना नक्की सांगा कारण ह्यात पासपोर्ट आहे, आणि पासपोर्टची पुस्तिका छापतात तुमच्याच नाशिकरोडला. १९७७ ला मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारने जमा करायला सांगितला, कारण विचारलं तर म्हणे सार्वजनिक हितासाठी कारण देत नाही. कायदा होता, कलम होतं, पद्धत सुद्धा होती, म्हणजे गोपालनच्या हिशोबाने विषय तिथेच संपायला पाहिजे होता. पण १९७८ ला सात जणांच्या बेंचने खोल्यांमधल्या भिंतीच पाडल्या (पहिला हातोडा १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या केसमध्ये बसला होता). म्हणाले १४, १९ आणि २१ एकत्र वाचा. कलम १४ मनमानीला मनाई करतं, मग २१ मधली "कार्यपद्धती" मनमानी कशी चालेल? ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे. बघा, २१ मधला एक शब्द हलवला नाही, फक्त तो शेजारच्या कलमांच्या उजेडात वाचला. बाकी गंमत अशी की बाईंना त्या निकालाने पासपोर्ट लगेच हातात मिळालाच नाही, सरकार म्हणालं आम्ही त्यांची बाजू ऐकून घेतो आणि मॅटर तिथेच मिटलं. केस लहान, रेशो (निकालामागचं तत्त्व) मोठा.

तुमच्या नोट्समधलं दीड पान बहुतेक सगळं ह्या एका दारातून आत आलंय.

देवळालीचा_तिरपागडा
वकीलसाहेब एवढं गोड करून सांगू नका. घटना समितीला "ड्यू प्रोसेस" (पद्धत नुसती लिहिलेली नको, न्याय्यही हवी) हा अमेरिकन शब्द माहीत नव्हता का? सुरुवातीच्या मसुद्यात होता. घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टरांना भेटले, त्यांनी सावध केलं की ह्या शब्दाने न्यायाधीशांच्या हातात फार जातं, म्हणून तो काढला आणि जपानच्या घटनेत आहे तसली शब्दरचना घेतली. डिसेंबर १९४८ ला सभागृहात कितीतरी सदस्यांनी ड्यू प्रोसेस परत आणा म्हणून जोर लावला, आंबेडकरांनी दोन्ही बाजू मांडल्या, म्हणाले ठरवणं अवघड आहे, निर्णय सभागृहावर सोडला, आणि सभागृहाने नाहीच म्हटलं. म्हणजे जो शब्द समोरच्या दाराने विचार करून बाहेर काढला तो तीस वर्षांनी कोर्टाने मागच्या दाराने घरात घेतला. हे वाचन नाही, हे लेखन आहे. नाशिकरोडच्या काकांशी शंभर टक्के सहमत.

जुना_सीबीएस_वकील
तिरपागडे, इतिहास बरोबर आहे तुमचा, फक्त अर्ध्यात थांबलात. सप्टेंबर १९४९ ला आंबेडकरांनीच नवीन कलम आणलं, आजचं २२, अटकेचं कारण सांगा, वकील द्या, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या, आणि म्हणाले की ड्यू प्रोसेस गेल्याने जे निसटलं त्याची ही थोडी भरपाई. म्हणजे ती जागा रिकामी राहिलीये हे मसुदा करणाऱ्यालाही टोचत होतंच. पण मान्य, एवढ्यावरून कोर्टाला तो शब्द परत आणायचा अधिकार मिळतो असं नाही म्हणता येत. तुमचा आक्षेप माझ्या मते मनेका केसवरचा सगळ्यात कसदार आक्षेप आहे, मी कॉलेजात असताना ह्यावर मूट (सरावाचा खोटा खटला) हरलोय.

फक्त मधलं १९७६ विसरू नका. एडीएम जबलपूर. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम २१ साठी कोर्टात जायचा रस्ता बंद केला होता. जेलमधल्या लोकांनी हेबियस कॉर्पस (डांबलेल्याला कोर्टापुढे आणा असा अर्ज) टाकलं, नऊ हायकोर्टांनी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायचं मान्य केलं, आणि सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध एक असा निकाल की दार बंद म्हणजे बंद. त्या चारात यशवंत चंद्रचूड होते आणि भगवती होते. एकटे खन्ना उलट गेले आणि पुढे त्यांना डावलून ज्युनियरला सरन्यायाधीश केलं. दोन वर्षांनी मनेकाचा मुख्य निकाल लिहिला कुणी? भगवतींनी. आणि १९८५ ला मुंबईच्या फुटपाथवाल्यांच्या केसमध्ये जीवित म्हणजे उपजीविका सुद्धा हे लिहिलं कुणी? चंद्रचूडांनीच. आणि २०१७ ला प्रायव्हसीच्या निकालात जबलपूर चुकीचं होतं असं लिहिलं ते त्यांच्या मुलाने. कलम तेच आणि काही ठिकाणी माणूस सुद्धा तोच. ह्याला तुम्ही पश्चात्ताप म्हणा नाहीतर सोय म्हणा, माझं मत दिवसानुसार बदलतं.

पंचवटीची_मास्तरीण
मी वकील नाही, नागरिकशास्त्र शिकवते, पण शेजारच्या कलमांचा मुद्दा मुलांना सांगताना मला एक उदाहरण फार उपयोगी पडतं. काळाराम मंदिर माझ्या घरापासून चालत पाच मिनिटं, तिथला सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि पुढं काही वर्षं चालला, दार काही उघडलं नाही. वीस वर्षांनी घटना आली त्यात कलम २५ च्या पोटात लिहिलं की हिंदूंची सार्वजनिक मंदिरं सर्व वर्गांना खुली करायला सरकार कायदा करू शकतं. आणि लगेच पुढच्या २६ मध्ये लिहिलं की प्रत्येक पंथाला आपल्या धर्मातल्या बाबी स्वतः बघायचा अधिकार. झाली का पंचाईत! मंगळूरकडच्या मुल्कीचं गौड सारस्वतांचं मंदिर हेच घेऊन सुप्रीम कोर्टात गेलं, आमच्या पंथाचं मंदिर, आत कोण येणार हे आम्ही ठरवणार. कोर्टाने काय केलं तर दोन्ही कलमं जिवंत राहतील असा मार्ग काढला. दर्शनाला दार सगळ्यांना उघडं, मात्र ज्या ठराविक विधींना आधीपासून फक्त त्या पंथाचेच लोक असतात ते तसे ठेवा, पण त्यामुळे बाकीच्यांचा प्रवेश नावापुरता उरता कामा नये. दोन भाऊ वाड्यावरून भांडतात तेव्हा शहाणी आजी काय करते, तसंच.

नुसतं २६ वाचलं असतं तर मंदिर जिंकलं असतं आणि नुसतं २५ वाचलं असतं तर २६ लिहिलं कशाला असा प्रश्न आला असता. म्हणून काकांना सांगा, घटनेचं शीट एकट्या रेघेवर तपासत नाहीत.

नाशिकरोड_९७
ताई हे मस्त सांगितलंत, हे पप्पांना पटेल. पण मग ते फुटपाथवाल्यांचं? जीवित म्हणजे उपजीविका हे शेजारच्या कुठल्या कलमातून आलं? आणि मराठा आरक्षणाचं राहिलंच की वकीलसाहेब.

जुना_सीबीएस_वकील
आज तारीख होती, आत्ता बसलोय.

फुटपाथवाल्यांची केस म्हणजे ओल्गा टेलिस. शेजार होता, कलम ३९ (अ), उपजीविकेचं पुरेसं साधन, आणि ४१, कामाचा हक्क. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वं, कोर्टातून थेट मिळत नाहीत, पण जीवित ह्या शब्दात काय काय मावतं ते ठरवायला वापरता येतात. आणि युक्तिवाद अगदी साधा होता, माणसाचं पोट काढून घेतलं की जीव घ्यायला वेगळं काही करावं लागत नाही. पण माझं आवडतं वाक्य दुसरीकडेच आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यात कलम ३१४ मध्ये होतं की आयुक्त नोटीस न देता अतिक्रमण काढू शकतात. महापालिका म्हणाली बघा, नोटीस लागतच नाही. कोर्ट म्हणालं "नोटीस न देता काढू शकतात" म्हणजे "नोटीस कधीच द्यायची नाही" असं नव्हे, तो अधिकार अपवादाला ठेवलाय. इथे कुठली भावना नाही की काही नाही, शुद्ध व्याकरण आहे. आणि इतकं सगळं होऊन फुटपाथवाले जिंकले का? नाही. कोर्टाने पाडायला परवानगी दिली, फक्त पावसाळा जाऊ द्या म्हणाले, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हात लावू नका, आणि जुन्या गणनेची कार्डं असलेल्यांना दुसरी जागा द्या. लोक हा निकाल विजयाचा म्हणून सांगतात. शालिमारला, मेनरोडला गाडी उचलली की माझ्याकडे हातगाडीवाले येतात ना, त्यांनाही मी हेच सांगतो की ह्या निकालाने नोटीस मिळते हो, जागा मिळेलच असं नाही, त्यासाठी २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा धरा.

आता मराठा आरक्षण, ५ मे २०२१. इथे दोन भांडणं होती, एक आरक्षणाच्या पन्नास टक्के मर्यादेचं, ते बाजूला ठेवू. दुसरं १०२ व्या घटनादुरुस्तीचं. २०१८ ला ३४२-अ आलं, राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी मागास वर्ग जाहीर करतील आणि ते "या संविधानाच्या प्रयोजनांसाठी" मागास समजले जातील. राज्य म्हणालं हे फक्त केंद्राच्या यादीपुरतं आहे. केंद्राचे अॅटर्नी जनरल स्वतः उभे राहून तेच म्हणाले. अशोक भूषण आणि नझीर ह्या दोघांनी ते मानलं, त्यांनी संसदेच्या निवड समितीचा अहवाल, मंत्र्यांची सभागृहातली उत्तरं सगळं काढून बघितलं. बाकीचे तिघे म्हणाले शब्द स्पष्ट आहेत, आणि शब्द स्पष्ट असताना मंत्री काय बोलले हे शोधत बसायचं नसतं, म्हणजे मागास कोण हे राज्याला स्वतः ठरवता येत नाही.

पण नाशिकरोडकर, इथे तुमच्या पप्पांची थोडी गल्लत होतेय. तिघांनी नुसता शब्द धरला नाही, त्यांनी पण शेजार बघितलाच. ३४१ आणि ३४२, अनुसूचित जाती आणि जमाती, तिथे अगदी हीच रचना आहे, राष्ट्रपती यादी काढतात, बदल संसद करते, राज्याला त्यात हात घालता येत नाही. शिवाय व्याख्येच्या कलमात, ३६६ मध्ये, मागास वर्ग म्हणजे ३४२-अ खाली ठरलेले एवढंच लिहून ठेवलं. शब्द तेच उचलून तशीच चौकट केली आणि आता म्हणता अर्थ वेगळा होता, हे कसं? मसुदा करणाऱ्याने घोळ घातला असं माझं स्पष्ट मत. "केंद्रीय यादीत" एवढे दोन शब्द पहिल्या पोटकलमात टाकले असते तर हा मुद्दाच उभा राहिला नसता. नंतर ऑगस्ट २०२१ ला १०५ वी दुरुस्ती करून नेमकं तेच टाकलं आणि राज्यांना स्वतःची यादी करता येईल हे वेगळं लिहिलं. तीन महिन्यांत.

देवळालीचा_तिरपागडा
म्हणजे संसदेने रेघ चुकवली आणि शीट रद्द झालं. काकांची प्रेस बरोबर चालली की इथे.

जुना_सीबीएस_वकील
हो, ह्या केसपुरतं हो 🙏

नाशिकरोड_९७
पप्पांना अख्खा धागा वाचून दाखवला. मुल्कीचं मंदिर पटलं. मनेका गांधींचं म्हणे पासपोर्टचा विषय आहे म्हणून ऐकून घेतो. जबलपूरला मात्र गप्प बसले, मग म्हणाले आणीबाणीत त्यांच्या ओळखीतला एक जण उचलला होता, चांगला माणूस होता, घरचे रोज चौकीबाहेर बसायचे आणि कुणी काही सांगायचं नाही. आजपर्यंत हे घरात कधी बोलले नव्हते. मग विचारलं त्या खन्नांचा निकाल मराठीत मिळतो का. कुणाकडे असेल तर सांगा, नाहीतर मीच थोडा थोडा वाचून दाखवेन, तेवढीच माझी रिव्हिजन.