ऑरेगॉन ट्रेल: गाड्यांचं रिंगण लढाईसाठीच होतं का?

माळरान: १८४० ते १८६० मधल्या ऑरेगॉन ट्रेलबद्दल, म्हणजे अमेरिकेत पश्चिमेला ऑरेगॉनकडे वस्तीला जाणाऱ्यांच्या गाडीवाटेबद्दल विचारतोय. सिनेमात घोडागाड्या, रात्री त्यांचं रिंगण आणि बाहेरून बाणांचा वर्षाव. यातलं खरं किती?

लोखंडी_धाव: घोडे कमीच. बहुतेक गाड्यांना बैलांच्या दोन-तीन जोड्या. घोड्याला दाणा लागतो, बैल वाटेवरच्या गवतावर निभावतो. चाल मात्र दिवसाला जेमतेम १५ मैल. गाडीचा साटा साधारण ४ बाय १० फूट, भार २००० ते २५०० पौंड. त्यात माणशी पीठच १५०-२०० पौंड! जास्त भरलं की बैल थकतात, मग लोखंडी चुली न् कपाटं वाटेवरच्या फोर्ट लॅरमी ठाण्याच्या आसपास टाकून पुढे जायचं.

खरी डोकेदुखी चाकांची. कोरड्या हवेत लाकूड आटतं, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल होऊन निसटते. उपाय दोनच: चाक रात्रभर नदीत भिजवणं, नाहीतर धावेखाली पाचरी ठोकणं. पाणी सुकलं की पुन्हा तेच, त्यामुळे पाचरी बऱ्या.

रिंगण मुख्यतः जनावरं कोंडायला. एका गाडीची दांडी साखळीने दुसरीच्या मागच्या चाकाला बांधायची. आतलं गवत संपलं की बैल बाहेर सोडावेच लागत, तेव्हा पहारा.

प्लॅटकाठ: मरण आलं ते कॉलऱ्याने, विशेषतः १८४९ ते १८५२ मध्ये. प्लॅट नदीकाठी सगळे त्याच त्याच तळांवर उतरत, शौचही तिथेच आणि पिण्याचं पाणीही तिथलंच. भरलेल्या बंदुका चुकून उडून मेलेलेही बरेच. मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांत २० वर्षांत ४०० च्या आत प्रवासी गेले असा अंदाज आहे. प्रवाशांच्या हातून मेलेले मूळ रहिवासी त्याहून जास्त.

माळरान: मग वैर पेटलं कशावरून?

लोखंडी_धाव: गवत, सरपण आणि बायसन. हजारो बैलांनी नदीकाठ चरून साफ केला, कळप दूर गेले. अमेरिकी सरकार आणि मूळ रहिवाशांच्या १८५१ च्या फोर्ट लॅरमी करारात रस्त्याच्या बदल्यात ५० वर्षं भरपाई ठरली होती. सिनेटने परस्पर १० वर्षांवर आणली.

ठिणगी पडली ऑगस्ट १८५४ मध्ये. एका मॉर्मन (एक धर्मपंथ) प्रवाशाची गाय लकोटा या मूळ रहिवासी जमातीच्या छावणीत मारली गेली. प्रमुख कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता. असे तंटे सोडवणं सरकारी एजंटचं काम. पण लेफ्टनंट ग्रॅटन २९ सैनिक आणि दोन तोफा घेऊन आरोपीला पकडायला गेला, त्यात दुभाषा प्यायलेला. सैनिकांनी गोळीबार केला, कॉन्करिंग बेअरला प्राणघातक जखमा झाल्या आणि ग्रॅटनची तुकडी कापली गेली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जनरल हार्नीने ब्लू वॉटर क्रीकवर सूड घेतला. ८६ लकोटा मेले, त्यात बायका-मुलंही.