ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बसत नाही, आणि दुपारी निळी स्क्रीन येते

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

घरचा असेंबल्ड पीसी आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटी ७१० कार्ड, विंडोज १०. मागच्या आठवड्यापासून सगळं मोठं आणि पुसट दिसून राहिलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' येते. एनव्हिडियाच्या साइटवरचा सगळ्यात नवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला तर इन्स्टॉलर म्हणतो, जुळणारं हार्डवेअर सापडलं नाही. त्यात दुपारी दोन-तीनला निळी स्क्रीन येऊन मशीन रीस्टार्ट होते, खाली 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' लिहिलेलं असते. रात्री काही त्रास नाही.

बर्डीवरच्या एका दुकानात नेलं, त्यानं न उघडताच सांगितलं, 'फॉरमॅट मारून देतो.' बायको काही दुकानांचे हिशेब याच मशीनवर टॅलीत ठेवते, २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचं आहे. फॉरमॅटशिवाय मार्ग आहे का?

उत्तर १

विंडोज ११ टाका. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

उत्तर २ (हार्डवेअरवाले काका, त्रिमूर्ती नगर)

तुमचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, ते इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर घेतात. सपोर्ट संपल्यानं सुरक्षा अपडेटचा मुद्दा खरा आहे, पण आज तो नाही.

भाऊ, आधी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या. मग बाकी. फॉरमॅट अजिबात करू नका, कारण तुमच्याकडे दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि त्यातली एक फॉरमॅटनं जाणारच नाही.

पहिली ड्रायव्हरची. जीटी ७१० हे केप्लर पिढीचं कार्ड. केप्लरला एनव्हिडियाचा ४७० मालिकेपर्यंतचाच ड्रायव्हर चालतो, पुढचे त्याला ओळखतच नाहीत. म्हणून साइटवर 'सगळ्यात नवा' घेऊ नका, जीफोर्स ७०० मालिका आणि जीटी ७१० हाताने निवडा. फाइल उतरवून ठेवली की नेटची केबल काढा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकून मोकळं होते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा, ४ दाबून सेफ मोड (मोजक्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) घ्या. तिथे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या टूलनं जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढा, नेहमीसारखं सुरू करून ४७० बसवा, मग केबल लावा. ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं घरात आणूच नका.

दुसरी निळी स्क्रीन. 'डब्ल्यूएचईए' हा कोड म्हणजे बहुतेक वेळा हार्डवेअरचीच तक्रार. दुपारीच येते म्हणता, नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतात, मला तर सरळ उष्णतेचाच संशय आहे. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून प्रोसेसरचं तापमान पाहा आणि कॅबिनेट कुठे ठेवलं आहे ते सांगा.

प्रश्नकर्ता

काका, ४७० बसला! फुल एचडी परत आलं, बायकोनं कामही सुरू केलं. बॅकअप घेतला आहे. पण टॅली आणि ब्राउझर सोबत उघडले की तापमान ९७ दाखवते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात आहे, बाजूलाच कूलर.

उत्तर २

९७ फार झाले. कप्प्यातून आजच बाहेर काढा. प्रोसेसरचा पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) ब्रशने झाडा, त्या दोघांमधली वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, तिनं धूळ आत चिकटून बसते.

तापमान ८० च्या खाली राहूनही निळी स्क्रीन आली, तर विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' शोधा. इव्हेंट १८ असेल तर त्यात कोणता भाग बोंबलला ते लिहिलेलं असते. ती ओळ इथे टाका, मग एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि रॅम तपासू.