दुसरी हार्ड डिस्क जोडली की विंडोज सुरूच होत नाही

प्रश्न: विंडोज १० साटा (डिस्क पीसीला जोडायची पद्धत) एसएसडीवर आहे. जुन्या पीसीतली १ टीबी डिस्क जोडली, तर काळ्या स्क्रीनवर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं. डिस्क काढली की सगळं सुरळीत. काय तपासू?

उत्तर १: बूटचा क्रम (पीसी कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचा ते) बदललाय. जुन्या डिस्कवर आधीच्या विंडोजचं बूट पार्टिशन असणार, बायोस (पीसी चालू होताच आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) तेच आधी उचलतंय. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबा, बूट टॅबमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ एसएसडीवरचाच पहिला ठेवा, एफ१० ने सेव्ह करा. जुन्या मदरबोर्डवर हार्ड डिस्कच्या प्राधान्याची यादी वेगळी असते, तीही बघा. यूईएफआयचं (बूटची नवी पद्धत) लेगसी (जुनी पद्धत) मात्र करू नका. जीपीटी (पार्टिशनची नवी रचना) डिस्कवरचं विंडोज मग उठणारच नाही.

उत्तर २: क्रम बरोबर असूनही अडलं तर केबल बदला. मोलेक्सवरून (पॉवर सप्लायचा जुना चार पिनांचा प्लग) साटा करणारा साचेबंद प्लास्टिकचा कनेक्टर कृपया वापरू नका, तो आतून शॉर्ट होऊन पेटू शकतो. पॉवर सप्लायची मूळ साटा वायरच लावा.

उत्तर ३: जुनं बूट पार्टिशन काढायला डिस्क पुसणार असाल, तर डेटा कॉपी झाल्याशिवाय डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं डिस्क हाताळायचं कमांड टूल) ‘क्लीन’ ही अख्खी डिस्क पुसणारी कमांड देऊ नका. आणि त्याआधी ‘लिस्ट डिस्क’मध्ये आकार बघूनच नंबर निवडा.