जादा वर्ग लावायचे, की आधी दुसरं काही?

दिघोरीचा पालक:
नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या आमच्या दिघोरीच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे दिलेत. मुख्याध्यापक म्हणतात, आठवी-नववीला संध्याकाळी गणित-इंग्रजीचे जादा वर्ग लावू. बैठकीत एक बाई म्हणाल्या, आधी मुलींच्या संडासात पाणी आणा. सगळे हसले, मला काही हसू आलं नाही. अशा खर्चाने निकालात खरंच फरक पडतो का? कोणाचा अनुभव?

निवृत्त बाबू, हिंगणा रोड:
माझी सारी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली जी. हजेरीपट, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचे दाखले, खिचडीच्या तांदळाचा हिशेब. वर्ग लावायच्या आधी मागे पडणाऱ्या पोट्ट्यांचा हजेरीपट काढून पाहा. नुसतं गणित कच्चं असलं तं पोट्टं रोज येते. गळायला लागलेलं आधी सोमवारी बुट्टी मारते, मग शनिवारी, मग टीसी मागायला बापच येते.

आमच्याकडे सातवीतली एक हुशार पोट्टी दर महिन्याला ठरावीक दिवस 'गै', म्हणजे गैरहजर, दिसे. वर्गशिक्षक म्हणे, आळशी झाली. शिपाईबाईनं एका वाक्यात निकाल लावला: "संडासाला ना नळ ना कडी, काहून येईल ते?" नळ बसवला, कडी लावली, पॅडचा डबा शिपाईबाईच्याच कपाटात ठेवला. कोणाला विचारायचं नाही, चिठ्ठी नाही, वहीत नाव नाही. पुढच्या सत्रात तिच्या रकान्यात 'गै' शोधावा लागे. तुमच्या बैठकीतल्या बाईले माझा नमस्कार सांगा.

डोळ्यांचंही तसंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक शाळेत येऊन तपासते अन् पुढच्या तपासणीची चिठ्ठी देते. चिठ्ठी दप्तरात चुरगळते. बाप कळमन्याच्या बाजारात हमाली करते, पोट्ट्याला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तं त्याची रोजी बुडते. तुमचे पैसे इथे लावा: ऑटोचं भाडं अन् सोबत जाणारा एक माणूस.

अन् हो, सहावी ते आठवीच्या पोषण आहारात ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं असा नियम आहे. नववीत गेलं की खिचडी बंद. संध्याकाळच्या वर्गाला ते पोट्टं सकाळच्या पोळीवर बसेल. आधी फुटाणे-मुरमुरे वाटा, मग अपूर्णांक.

समुपदेशक, सक्करदरा:
बाबूजींच्या यादीत एक भर. वाचताना अक्षरं उलटसुलट होणारी मुलं शिक्षकांना फक्त 'ढ' वाटतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावीत तासाला २० मिनिटं जादा मिळतात. पण तपासणी, कागद, सह्या यात महिने जातात, म्हणून सुरुवात आठवीतच करा. आणि समुपदेशक नेमलात तर त्याला दार लागणारी खोली द्या. मला एका शाळेत स्टाफरूमच्या कोपऱ्यात, चहाच्या ट्रेशेजारी बसवलं होतं. तिथे कोणतं मूल घरातल्या दारूबद्दल बोलेल?

गणिताचा मास्तर:
सगळं मान्य. पण नळ लावल्यानं पाढे येत नाहीत. नववीतल्या मुलाला भागाकार जमत नसेल तर कोणीतरी शिकवायलाच हवं ना? सगळे पैसे फुटाण्यांत घालू नका.

निवृत्त बाबू, हिंगणा रोड:
सर, वर्ग लावू नका असं मी कुठं म्हटलं? वेळ बदला म्हणतो. दिघोरीच्या शाळेत पाचगावकडून उमरेड रोडनं पोरी येत असतील. एसटीचा पास त्यांना बारावीपर्यंत फुकट आहे, पण वर्ग साडेसहाला सुटला अन् गाडी निघून गेली तं पासचं करायचं काय? दोन-चार दिवस बाप नाक्यावर घ्यायला येईल, मग म्हणेल, राहू दे ते गणित.

दिघोरीचा पालक:
बरोबर पकडलंत बाबूजी, पाचगावच्या बऱ्याच आहेत. वर्ग सकाळी शाळेआधी ठेवायचा प्रस्ताव मांडतो. नळाचं अंदाजपत्रक त्या बाईंनाच काढायला सांगितलंय. आणखी एक: चष्म्यासाठी सोबत जायला शिपाई पाठवावा की पालकांपैकी कोणी?

निवृत्त बाबू, हिंगणा रोड:
पालक पाठवा, अन् त्याले त्या दिवसाची रोजी द्या. शिपाई गेला तं घंटी कोण वाजवेल?