पोळी टाळली, तरी हिंग उरतोच

सीलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या व्यक्तीने उंची शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये पोळी-नान सोडून वरणभात मागवला की काळजी मिटते, हे काहीजण मांडतात ते मत मला धोक्याचे वाटते. बाजारातील बंधानी (म्हणजे पीठ व डिंक मिसळलेल्या) हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो आणि तो हिंग वरणापासून रस्साभाजीपर्यंत सर्वत्र पोहोचतो. शिवाय साबुदाणा वडा ज्या तेलात तळला, त्यातच आधी समोसे तळलेले असतील, तर तोही वर्ज्यच. आपल्याकडील नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, म्हणून चिमूटभर हिंगाचाही विचार करावा लागतो.

पुण्यात, कोरेगाव पार्क असो वा डेक्कन, हाच आजार असलेल्या बहिणीसाठी टेबल राखताना मी दुपारी ४ ते ६ च्या दरम्यान, स्वयंपाकघर तुलनेने निवांत असताना, फोन करून थेट शेफशी बोलतो. ‘ग्लुटेन चालत नाही’ एवढेच न सांगता हिंगाच्या डबीवरील घटक वाचून दाखवण्याची विनंती करावी. जैन थाळी हा मात्र यावरचा उपाय नव्हे, कारण कांदा-लसूण वगळल्यावर चवीसाठी हिंगच अधिक घातला जातो. वेगळ्या कढईत नुसत्या जिऱ्याची फोडणी देण्याची तयारी जेथे मनापासून दाखवली जाते, तेथेच आम्ही जातो.